डोंगरातल्या दवाखान्यात कान-नाक-घसा

नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर मुलाचा कान वाहू लागला, तर कान-नाक-घशाचा तज्ज्ञ गाठायला सातपुडा उतरून खाली यावं लागतं. आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालत, तिथून मिळेल त्या जीपने शहादा किंवा तळोदा, नाहीतर थेट नंदुरबार. दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पावसाळ्यात काही पाड्यांवरून रुग्णाला अजूनही बांबूच्या झोळीतून रस्त्यावर आणतात. नर्मदाकाठच्या गावांसाठी तर बोटीवरचा तरंगता दवाखाना आहे.

अशा ठिकाणी कान, नाक, घसा पाहतो तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. तोच बाळंतपण करतो, तोच साप चावलेल्याला प्रतिविष टोचतो. त्याच्याकडे ऑपरेशनचा मायक्रोस्कोप नसतो, श्रवण तपासायची ऑडिओमेट्रीही नसते. तरीसुद्धा कान-नाक-घशाच्या बहुतेक तक्रारी याच डॉक्टरच्या हातून नीट बऱ्या होऊ शकतात, आणि उरलेल्या थोड्या तक्रारी त्याने वेळेत ओळखल्या तर जीव आणि ऐकणं दोन्ही वाचतं. हे नेमकं कसं होतं, ते रुग्णांच्या घरच्यांना आणि नव्याने डोंगरात रुजू होणाऱ्या डॉक्टरांना कळावं म्हणून हा लेख.

साधनं फार लागत नाहीत. कानात पाहायचा दिव्याचा ओटोस्कोप, नाक उघडून पाहायचा स्पेक्युलम, जीभ दाबायची पट्टी, टोकाला वाकवलेली बोथट सळी म्हणजे प्रोब, बारीक चिमटा, ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क आणि डोक्याला बांधायचा दिवा. हा दिवा मी सगळ्यांत महत्त्वाचा मानेन. मोबाईलचा टॉर्च एका हातात धरला की कामाला एकच हात उरतो, आणि रडणाऱ्या मुलाच्या नाकातला मणी एका हाताने निघत नाही.

वाहणारा कान

नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. आपण गिळतो तेव्हा ती उघडते आणि कानात हवा पोचते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दीचे जंतू कानात सहज चढतात. बंद घरातला चुलीचा धूर, एकाच खोलीत झोपणारी खूप माणसं, कुपोषण, बाळाला आडवं ठेवून बाटलीने पाजलेलं दूध, या सगळ्याची त्यात भर पडते. मधल्या कानात पू साठतो, पडदा ताणला जातो, मूल रात्रभर कळवळतं. सकाळी उशीवर पिवळा डाग दिसतो आणि मूल शांत झालेलं असतं. घरच्यांना वाटतं, दुखणं गेलं. दुखणं थांबलेलं असतं, कारण पडदा फुटून पुवाला वाट मिळालेली असते. उपचाराची खरी वेळ हीच.

इथे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, कान किती दिवसांपासून वाहतोय? १४ दिवसांच्या आतला असेल तर तो ताजा जंतुसंसर्ग. अमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स आणि कान कोरडा ठेवणं, एवढ्यावर बहुतेक मुलांचा पडदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. १४ दिवसांच्या वर गेला की तो जुनाट कान. त्यात तोंडाने घेतलेल्या अँटिबायोटिकचा फारसा उपयोग होत नाही, कारण औषध रक्तातून तिथे पुरेसं पोचतच नाही. तिथे लागतात सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब, दोन आठवडे, आणि थेंबांच्या आधी कान कोरडा करणं. ही दुसरी गोष्टच बहुतेक वेळा राहून जाते. पुवाने भरलेल्या कानात थेंब घालणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं, ते आत बसतच नाहीत.

कान कोरडा करायची पद्धत आईच्या हातात बसली पाहिजे, म्हणून ती सविस्तर सांगतो. धुऊन उन्हात वाळवलेला जुना सुती कपडा किंवा स्वच्छ कापूस घ्यायचा. बोटांत पिळून त्याची वात करायची. काडीला, हेअरपिनला गुंडाळायची नाही. मुलाला मांडीवर आडवं घेऊन कानाची पाळी हलकेच मागे ओढायची, म्हणजे वाकडी वाट थोडी सरळ होते. वात आत सरकवून मिनिटभर राहू द्यायची. ती भिजली की काढून दुसरी, मग तिसरी, कोरडी बाहेर येईपर्यंत. त्यानंतर थेंब टाकायचे आणि कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो तो बोटाने चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे औषध आत उतरतं. असं दिवसातून तीनदा. झाल्यावर कानात कापूस कोंबून ठेवायचा नाही, पुवाला बाहेर यायला वाट हवी. दवाखान्यात हे एकदा डॉक्टरने करून दाखवावं आणि लगेच आईकडून करून घ्यावं. आशाताई सोबत असेल तर तिलाही शिकवावं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाड्यावर जाऊन पाहणार तीच.

अंघोळीच्या वेळी मात्र कानात व्हॅसलीन लावलेला कापूस हवा. आणि कान वाहतोय तोवर नदीत डुबकी नाही. डोंगरातल्या मुलाला हे पटवणं औषध देण्याहून कठीण आहे, पण त्याला पर्याय नाही.

घरोघरी कानात काही ना काही घातलं जातं. कोमट तेल, लसणाचं तेल, कुठल्या पाल्याचा रस. पडद्याला भोक असेल तर हे सगळं थेट मधल्या कानात जातं. पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. कानाला प्रचंड खाज सुटते आणि आत भिजलेल्या कागदासारखा पांढरा-काळा थर दिसतो. तेव्हा आधीचे अँटिबायोटिक थेंब बंद करून, कान साफ करून क्लोट्रिमाझोल द्यावं लागतं. थेंबांच्या बाबतीत डॉक्टरनेही एक जपायचं आहे. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब पडदा फुटलेल्या कानात टाळावेत. ते आतल्या कानाच्या नाजूक पेशींना इजा करू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता धोक्याचा कान. जुनाट कानाचे दोन प्रकार असतात. पहिल्यात पडद्याच्या मधोमध भोक असतं आणि पातळ, भरपूर स्राव येतो. सर्दी झाली की वाढतो, मग कमी होतो. याने ऐकू कमी येतं, पण सहसा जिवावर बेतत नाही, पडद्याच्या ऑपरेशनसाठी थांबता येतं. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या भागात किंवा कडेला खड्डा पडतो आणि तिथे चुकीच्या जागी कातडी वाढू लागते. तिच्या सुटलेल्या पापुद्र्यांचा गोळा साठत जातो आणि आजूबाजूचं हाड कुरतडतो. त्या हाडाच्या वर मेंदू आहे, शेजारून चेहऱ्याची नस जाते, आत तोल सांभाळणारा अवयव आहे. या कानातून पू थोडासाच येतो पण त्याला घाण वास असतो, आणि दुखत जवळपास नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षं अंगावर काढला जातो. थेंबांनी हा बरा होत नाही, याला ऑपरेशनच लागतं. घाण वासाचा, थोडा थोडा वाहणारा कान असेल, किंवा आत लालसर मांसाचा कोंब दिसला, तर डॉक्टरने तो कोंब ओढायच्या फंदात पडू नये. दुखत नसलं तरी अशा रुग्णाला खाली पाठवावं.

कानामागे दुखरी सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलली गेली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, गरगरून उलट्या होऊ लागल्या, किंवा कान वाहत असतानाच ताप, जबर डोकेदुखी आणि मान ताठणं सुरू झालं, तर त्याच दिवशी, अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन, १०८ बोलवायची. उद्या सकाळची जीप नाही.

कानात दाणा, नाकात मणी

जमिनीवर झोपणाऱ्या माणसाच्या कानात रात्री किडा शिरणं नेहमीचं आहे. जिवंत किडा पडद्यावर फडफडतो तेव्हा माणूस अक्षरशः वेडापिसा होतो. आधी त्याला मारायचं. कान पूर्वी कधी वाहिलेला नसेल तर खोबरेल किंवा खायचं तेल, गरम न करता, कानात ओतायचं. दवाखान्यात बधिर करायचं लिग्नोकेनही चालतं. फडफड थांबली की चिमट्याने किंवा पाण्याच्या धारेने काढता येतो. हे पाणी अंगाइतकं कोमट हवं. गार पाणी गेलं तर रुग्णाला तिथेच गरगरतं. पडदा फुटलेला असेल तर पाणी मारायचंच नाही.

हरभरा, मका, चिंचोका असे दाणे मात्र पाण्याने फुगतात आणि आणखी घट्ट बसतात. ते कोरडेच काढायचे, प्रोब दाण्याच्या मागे नेऊन बाहेर ओढत. गुळगुळीत मण्यावर चिमटा लावला की तो घसरून आणखी आत जातो. पहिल्या प्रयत्नाला मूल जितकं साथ देतं तितकं नंतर देत नाही. दुसऱ्यांदा जमलं नाही तर थांबावं. दाणा कानात दोन दिवस राहिला तर फारसं बिघडत नाही, पण रडत्या मुलाच्या कानात आंधळेपणाने चिमटा फिरवला तर पडदा फाटतो.

बटण सेलची गोष्ट वेगळी. घड्याळ, रिमोट, लुकलुकणारी खेळणी आता पाड्यापाड्यावर पोचली आहेत. असा सेल नाकात किंवा कानात ओलसर जागी अडकला की दोन तासांतसुद्धा आजूबाजूचं मांस जळायला सुरुवात होते. नाकाच्या मधल्या पडद्याला कायमचं भोक पडू शकतं. त्यात थेंब, पाणी काहीही घालायचं नाही. जमलं तर लगेच काढायचा, नाहीतर लगेच पाठवायचा.

नाकातल्या वस्तूसाठी एक उपाय आईच करू शकते. मुलाला जवळ घ्यायचं, त्याच्या तोंडावर आपलं तोंड घट्ट लावायचं, मोकळी नाकपुडी बोटाने बंद करायची आणि एकच जोराची फुंकर मारायची. दहापैकी साधारण सहा मुलांत वस्तू यानेच बाहेर येते किंवा चिमट्याच्या टप्प्यात येते. मुलाला वाटतं आईने पापा घेतला. आणि हे लक्षात ठेवावं की लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल, तर सर्दीचं औषध लिहिण्याआधी आत दिवा टाकून पाहायचं. खडू, फोम, बी, काहीतरी सापडतंच.

घोळणा फुटला तर

नाकातलं बहुतेक रक्त पुढून, मधल्या पडद्याच्या अगदी पुढच्या भागातून येतं. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. थंडीतली कोरडी हवा, चुलीचा धूर आणि मुलांचं बोट, एवढं त्याला पुरतं. रुग्णाला आडवं करून डोक्यावर पाणी ओतणं, कांदा हुंगवणं, मान मागे करणं हे सर्रास होतं. मान मागे केल्याने रक्त थांबत नाही, ते घशात उतरतं आणि मग उलटी होते. बसवायचं, मान किंचित पुढे झुकवायची, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत घट्ट दाबायचा आणि १० ते १५ मिनिटं सोडायचा नाही. मधेच उघडून पाहायचं नाही. घड्याळ लावून दाबलं तर मुलांत बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

थांबलं नाही तर डॉक्टर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधात भिजवलेली पट्टी ठेवतो, दिसणारी वाहिनी सिल्व्हर नायट्रेटने जाळतो किंवा नाकात पट्टीचा पॅक भरतो. म्हाताऱ्या माणसाचं रक्त कधीकधी मागून, घशात उतरतं आणि पुढे पॅक भरूनही थांबत नाही. तेव्हा आरोग्य केंद्रात असणारा फोलीज कॅथेटर, म्हणजे टोकाला फुगा असलेली लघवीची नळी, कामी येतो. तो नाकातून मागे नेऊन फुगा फुगवला की दाब बसतो, आणि माणूस घाट उतरेपर्यंत तरतो. सोबत रक्तदाब मोजायचा, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का ते विचारायचं.

हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरांत आणि नेपाळात आणखी एक कारण दिसतं. झऱ्याला तोंड लावून पाणी पिताना बारीक जळू नाकात शिरते, आत राहून मोठी होते, आणि दिवसाआड थोडं थोडं रक्त येत राहतं. ‘नाकात काहीतरी हलतं’ असं रुग्ण सांगतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

घसा

दुखणाऱ्या घशांतले बरेचसे विषाणूंचे, मिठाच्या पाण्याने आणि पॅरासिटामॉलने बरे होणारे. पण त्यातला स्ट्रेप्टोकोकस जंतूचा घसा ओळखावा लागतो, कारण उपचार न झालेल्या घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. ताप आहे, टॉन्सिलवर पांढरा पू आहे, गळ्याच्या पुढच्या गाठी दुखतात, आणि खोकला नाही, अशी चारही लक्षणं जुळली तर पेनिसिलिन द्यायचं. गोळ्या १० दिवस घ्याव्या लागतात. तीन दिवसांत बरं वाटल्यावर त्या कोनाड्यात जातात, म्हणून डोंगरात बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन जास्त भरवशाचं, अ‍ॅलर्जीची विचारपूस करून.

लसी चुकलेल्या मुलाच्या घशात राखाडी, चिकटलेला पापुद्रा आणि सुजलेली मान दिसली तर घटसर्प समजून अँटिटॉक्सिन, म्हणजे त्या जंतूच्या विषावरचं औषध, मिळेल तिथे ताबडतोब पाठवायचं. तोंड नीट उघडत नाही, आवाज बोबडा झाला आहे, पडजीभ एका बाजूला ढकलली गेली आहे, लाळही गिळवत नाही, हे टॉन्सिलच्या बाजूचं गळू. शिकलेला डॉक्टर सुईने पू ओढून तिथल्या तिथे आराम देऊ शकतो.

श्वास आत घेताना मुलाच्या घशातून आवाज येत असेल आणि लाळ गळत असेल तर जीभ दाबून पाहण्याचा मोह टाळावा. त्या एका हालचालीने उरलेली वाट बंद होऊ शकते. मूल आईच्या मांडीवर बसलेलंच ठेवावं, जवळ ऑक्सिजन धरावा आणि गाडी हलवावी. शेंगदाण्याची गोष्ट याहून फसवी. खेळता खेळता खाल्ला, जोराचा ठसका लागला, मग सगळं शांत. दाणा गेला कुठे हे कोणी विचारत नाही, आणि आठवड्याने मूल न्यूमोनियाच्या औषधांवर असतं. ठसक्याची हकीकत विचारून दोन्ही फुप्फुसांचा आवाज ताडून पाहिला, एका बाजूला हवा कमी जाते असं ऐकू आलं, तर दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवायचं.

तंबाखू, मिश्री, सुपारी खाणाऱ्यांच्या बाबतीत तीन आठवडे मोजावेत. तोंडातली न भरणारी जखम, बसलेला आवाज, मानेतली गाठ तीन आठवड्यांवर गेली की तपासणी करून घ्यायची. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात का, म्हणजे तोंड पुरेसं उघडतं का, एवढं तरी प्रत्येकाचं पाहावं.

ऐकू येतंय का

पडद्याला भोक असलेल्या मुलाला आवाज पुसट येतो. आश्रमशाळेत असं मूल मागच्या बाकावर गप्प बसतं आणि ‘मंद’ ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा कान त्यांच्या यादीत असतो, पण शिक्षकांनी नाव पुढे केलं तर शोध लवकर लागतो. कुजबूज चाचणी कुठेही करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून, त्याचा दुसरा कान बंद करून, हळू आवाजात शब्द म्हणायचे आणि त्याने ते परत म्हणायचे. शब्द मात्र त्याच्या घरच्या बोलीतले हवेत, पावरी किंवा भिलोरी. मराठी नीट न येणाऱ्या मुलाला मराठीत कुजबुजून नापास केलं तर त्याच्या कानाबद्दल काहीच कळलेलं नसतं.

मोठ्या माणसाला झोपेतून उठल्यावर अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर ट्यूनिंग फोर्क काढावा. तो वाजवून कपाळाच्या मधोमध टेकवायचा आणि आवाज कुठे येतो ते विचारायचं. बिघडलेल्या कानात मोठा आला तर अडथळा बाहेर आहे, मळ किंवा सर्दी. चांगल्या कानात आला तर बिघडलेल्या कानाची नस गेली आहे. असा रुग्ण ‘मळ असेल’ म्हणून घरी गेला तर वेळ हातची जाते. नस वाचवायला स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावं लागतं, दोन आठवड्यांनंतर फारशी आशा उरत नाही. फोनवर तज्ज्ञाला विचारून त्याच दिवशी निर्णय घ्यावा.

खाली पाठवताना

घाट उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाला दडे बसतात. सर्दी झालेल्या बाळाला यात फार दुखतं, म्हणून उतारावर अंगावर पाजत राहावं. मोठ्यांनी गिळत राहावं.

चिठ्ठीत ‘कानाचा त्रास’ एवढं लिहून भागत नाही. कोणता कान, किती दिवस, वास आहे का, भोक कुठे, कोणतं औषध किती दिवस दिलं, ट्यूनिंग फोर्कला काय आढळलं, हे लिहावं. ओटोस्कोपमधून मोबाईलने काढलेला फोटो रेंज आल्यावर पुढे पाठवता येतो. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरूनही तज्ज्ञाचा सल्ला मिळतो. सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, तो तपासल्याशिवाय भुलेसाठी पाठवू नये. त्यात ऑपरेशनची वेगळी तयारी लागते, आणि या आजाराने कानाची नसही दुबळी होऊन ऐकू कमी येऊ शकतं.

पडद्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा ऊसतोड पाहावी. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात निघून जातात. कारखान्यावरच्या खोपटात कानाची वात कोण करणार? म्हणून निघण्याआधी प्रत्येक जुनाट कानाच्या घरी थेंबांच्या बाटल्या आणि ती चिठ्ठी द्यावी, म्हणजे तिथला डॉक्टर पुढे चालू ठेवू शकेल. होळीला माणसं गावी येतात. तोवर हवा कोरडी झालेली असते, नद्या आटलेल्या असतात, आणि पाऊस लागेपर्यंत नवा पडदा भरून यायला पुरेसे आठवडे हातात राहतात. शिबिर त्याच दिवसांत लावावं.